जहाल पर्यावरण चळवळींचा अभ्यास: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

झाडावर दोन वर्षं मुक्काम ठोकणारी तरुणी, देवमाशांची शिकार करणारी जहाजं बंदरातच बुडवणारे खलाशी, महामार्ग अडवून बसलेले आंदोलक आणि रात्री इमारत पेटवून पसार झालेला गट. या सगळ्यांना ‘जहाल पर्यावरणवादी’ हे एकच नाव मिळतं, आणि अभ्यासातला पहिला घोळ तिथेच होतो. दुसरा घोळ असा की या विषयाकडे येणारे बहुतेक जण आधी बाजू घेऊन येतात. कुणाला त्यात हुतात्मे दिसतात, कुणाला दहशतवादी. पण त्या कृतीनंतर जंगलाचं, धरणाचं, माणसांचं आणि कायद्याचं पुढे काय झालं, हे शेवटपर्यंत तपासायची तसदी फार थोडे घेतात. माझ्या मते खरा अभ्यास तोच. तो कसा करायचा, ते पुढे क्रमाने मांडतो आहे.

१. आधी कृती वेगळ्या करा

कुठलंही प्रकरण हातात घेण्याआधी एका कागदावर चार रकाने आखा: कायद्याच्या चौकटीतला निषेध, सविनय कायदेभंग, मालमत्तेची नासधूस किंवा घातपात, आणि माणसांवरची हिंसा. मग प्रत्येक घटना कुठे बसते ते ठरवा. माणूस किंवा संघटना रकान्यात टाकू नका, फक्त कृती टाका. एकच संघटना तीन रकान्यांत सापडेल.

अमेरिकेतली ‘अर्थ फर्स्ट’ ही संघटना १९८० मध्ये स्थापन झाली. २१ मार्च १९८१ ला तिच्या कार्यकर्त्यांनी ग्लेन कॅन्यन धरणाच्या भिंतीवरून सुमारे ३०० फूट लांबीचं काळं प्लॅस्टिक खाली सोडलं. लांबून पाहिलं की भिंतीला तडा गेल्यासारखं दिसे. धरणाला ओरखडाही आला नाही. याच संघटनेच्या वर्तुळात पुढे, झाडं तोडली जाऊ नयेत म्हणून त्यांत खिळे ठोकण्याचाही मार्ग वापरला गेला. दोन्ही कृतींवर शिक्का एकच मारला, तर तुमचं टिपण पहिल्याच पानावर बिघडलं म्हणून समजा.

ज्युलिया बटरफ्लाय हिल १९९७ च्या डिसेंबरपासून ७३८ दिवस कॅलिफोर्नियातल्या एका रेडवूड झाडावर राहिली. ही कृती दुसऱ्या रकान्यात. १९८६ मध्ये देवमाशांच्या शिकारीविरुद्ध लढणाऱ्या ‘सी शेफर्ड’ संघटनेच्या दोघांनी आइसलंडमधल्या रेक्याविकच्या बंदरात दोन शिकारी जहाजं बुडवली, कुणाला इजा झाली नाही. ही तिसऱ्या रकान्यात. १९७८ ते १९९५ या काळात स्फोटकं पाठवून तिघांचा जीव घेणाऱ्या ‘उनाबॉम्बर’चं नाव अनेक याद्यांत असतं. त्याचा राग मुख्यतः तंत्रज्ञानप्रधान समाजावर होता. त्याला तुमच्या अभ्यासात घ्यायचं की नाही, हे आधी ठरवून कारणासकट लिहून ठेवा. नाहीतर आकडे मांडताना सोयीप्रमाणे तो आत-बाहेर होत राहील.

‘पर्यावरणवादी’ म्हणजे कोण, याचाही निकाल इथेच लावा. मुळशी सत्याग्रह १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सुरू झाला. शांततेचा मार्ग खुंटल्यावर सेनापती बापटांनी रेल्वेगाडीवर हल्ल्याचा मार्ग धरला आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालंच. मावळातले शेतकरी लढले ते आपल्या जमिनीसाठी. पर्यावरण हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. आज मात्र जगातल्या सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांमध्ये मुळशीचं नाव घेतलं जातं. असं प्रकरण घ्यायचं असेल तर जरूर घ्या, फक्त त्या काळच्या माणसांना आजची ओळख चिकटवू नका.

२. एकच प्रकरण घ्या आणि त्याचा कालपट तयार करा

पहिल्या अभ्यासासाठी एकच प्रकरण पुरे. खटला संपलेला असावा आणि मधे निदान दहा-पंधरा वर्षं गेलेली असावीत, कारण परिणाम सावकाश उलगडतात. कोलोराडोतल्या वेल या स्कीइंग रिसॉर्टची आग हे सुरुवातीला उत्तम प्रकरण आहे. मी अनेकांना तेच सुचवतो.

१९ ऑक्टोबर १९९८ ला पहाटे डोंगरमाथ्यावरच्या इमारती आणि लिफ्टची यंत्रणा जळाली. नुकसान सुमारे १ कोटी २० लाख डॉलरचं. ‘अर्थ लिबरेशन फ्रंट’ या गुप्त गटाने जबाबदारी घेतली आणि हे लिंक्स नावाच्या रानमांजरासाठी केल्याचं जाहीर केलं, कारण रिसॉर्टचा नियोजित विस्तार लिंक्सच्या अधिवासात होणार होता. आगीच्या थोडेच दिवस आधी, त्या विस्ताराविरुद्धची कोर्टातली लढाई पर्यावरण संघटना हरल्या होत्या.

आता तक्ता आखा. तारीख, काय घडलं, हे आपल्याला कशावरून कळतं, आणि हे जगाला कधी कळलं, असे चार स्तंभ करा. चौथा स्तंभ सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक गाळतात. १९९८ मध्ये आग कुणी लावली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. संशयाची सुई आधी वळली ती विस्ताराला उघड विरोध करणाऱ्या स्थानिक लोकांकडे. अटका सुरू झाल्या थेट डिसेंबर २००५ मध्ये. मधली सात वर्षं छापून आलेलं बहुतेक लिखाण अंदाजाचं होतं. चौथा स्तंभ भरला की १९९९ मधल्या लेखातला एखादा ‘तज्ज्ञ’ किती पाण्यात उभा होता ते लगेच दिसतं.

तपास उलगडला तो गटातल्याच एकाने सहकाऱ्यांशी झालेली बोलणी पोलिसांसाठी गुपचूप रेकॉर्ड केल्यामुळे. जानेवारी २००६ मध्ये अकरा जणांवर आरोपपत्र आलं. २००७ मध्ये बहुतेकांना सुमारे तीन ते तेरा वर्षांच्या शिक्षा झाल्या. वेलच्या आगीतला प्रमुख आरोपी अटकेनंतर दोनच आठवड्यांत कोठडीत मरण पावला, त्याने आत्महत्या केली होती. एक फरार आरोपी २०१८ मध्ये क्यूबात पकडला गेला आणि त्याचं प्रकरण २०२२ मध्ये मिटलं. म्हणजे १९९० च्या दशकातल्या कृत्यांचा कालपट पाव शतकापर्यंत लांबला. घाईचा अभ्यास इथे उपयोगाचा नाही.

३. कागद कुठून मिळवायचे आणि ते कसे वाचायचे

वर्तमानपत्रं शेवटी वाचा. आधी कोर्टाचे कागद. अमेरिकेतल्या संघीय न्यायालयांचे कागद ‘पेसर’ या सरकारी व्यवस्थेत मिळतात. पानाला १० सेंट आणि एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर पडतात. तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर काहीच भरावं लागत नाही. यातले पुष्कळ कागद ‘कोर्टलिसनर’ या संकेतस्थळावर फुकट सापडतात, तेव्हा आधी तिथे शोधा. ब्रिटनमध्ये गाजलेल्या खटल्यांत शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी केलेलं निवेदन न्यायपालिकेच्या संकेतस्थळावर येतं आणि निकालपत्रं तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर असतात. भारतीय निकालांसाठी ‘इंडियन कानून’ आहेच.

प्रत्येक कागदाचा स्वभाव वेगळा असतो. जबाबदारी घेणारं पत्रक मोठेपणा मिरवण्यासाठी लिहिलेलं असतं. आरोपपत्र सरकारची बाजू सांगतं. आणि गुन्ह्याची कबुली देऊन झालेला करार नव्या अभ्यासकाला फार भुलवतो. त्यात घटनाक्रम तपशीलवार असतो, खाली आरोपीची सही असते, त्यामुळे तो शंभर टक्के खरा वाटतो. पण शिक्षा कमी व्हावी म्हणून झालेली ती तडजोड असते. काय लिहायचं आणि काय वगळायचं यावर दोन्ही बाजूंच्या वकिलांची घासाघीस झालेली असते. वापरा, पण ‘करारानुसार’ हे शब्द जोडून.

पोलिसांच्या पहिल्या निवेदनावर किती विसंबायचं, याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये आहे. २४ मे १९९० ला ‘अर्थ फर्स्ट’ची कार्यकर्ती जूडी बारी हिच्या गाडीत बॉम्बस्फोट झाला आणि ती गंभीर जखमी झाली. तिच्यावर आणि तिच्या सहकाऱ्यावर संशय घेतला गेला की त्यांच्याच बॉम्बचा चुकून स्फोट झाला. त्यांना अटक झाली आणि बातम्याही तशाच आल्या. खटला मात्र कधी उभाच राहिला नाही. उलट २००२ मध्ये ज्यूरीने पोलीस आणि एफबीआय अधिकाऱ्यांविरुद्ध ४४ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. बारी १९९७ मध्येच कर्करोगाने गेली होती. बॉम्ब कुणी ठेवला, ते अजून सिद्ध झालेलं नाही. १९९० च्या बातम्यांवर थांबलेला अभ्यासक आजही तिला बॉम्बवाली म्हणून नोंदवेल.

उलट बाजूचा सावधपणाही तितकाच हवा. मे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लोव्हरडेल इथल्या लाकूड गिरणीत लाकडातल्या खिळ्यावर करवतीचं पातं आदळून तुटलं आणि २३ वर्षांच्या कामगाराचा चेहरा आणि जबडा फाटला. तो खिळा ‘अर्थ फर्स्ट’ने ठोकला होता, हे सिद्ध झालं नाही. पण असा खिळा करवतीसमोर उभ्या राहिलेल्या मजुराला जखमी करतो, कंपनीच्या मालकाला नाही, हे त्या दिवशी लख्ख दिसलं. १९९० मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या कार्यकर्त्यांनी, त्यांत बारीही होती, हा मार्ग जाहीरपणे सोडला. ‘कुणी केलं’ आणि ‘काय झालं’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवले तरच हे प्रकरण नीट कळतं.

आकड्यांबाबत थोडक्यात. २००५ च्या सुमारास एफबीआयने सिनेटपुढे सांगितलं की १९९० ते २००४ च्या मध्यापर्यंत पर्यावरण आणि प्राणिहक्क गटांनी १,२०० हून अधिक गुन्ह्यांची जबाबदारी घेतली. असा आकडा दिसला की विचारा: यात जाळपोळ किती, रंग फासणं किती? प्राणिहक्काची प्रकरणं किती? यात माणसं किती मेली? अर्थ लिबरेशन फ्रंटच्या नावावर एकही मृत्यू नोंदलेला नाही. तरीही देशांतर्गत दहशतवादाचा सगळ्यात मोठा धोका म्हणून त्याच सुमारास या गटांकडे बोट दाखवलं गेलं. या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी लिहा.

४. परिणामांची वही

इथे वेळ घालवा. सगळं मोल इथेच आहे. ‘चळवळ यशस्वी झाली की फसली’ असा एकच प्रश्न विचारलात तर उत्तर खोटंच येणार. वहीत पाच पानं करा.

पहिलं पान त्या जागेचं. वेलमध्ये जळालेलं पुन्हा बांधलं गेलं आणि जानेवारी २००० मध्ये रिसॉर्टचा नवा भाग खुला झाला. विस्तार थांबला नाही. लिंक्सला मार्च २००० मध्ये संघीय कायद्याखाली संरक्षण मिळालं, पण ते अर्ज, दावे आणि शास्त्रीय पुरावे यांच्या वाटेने. कोलोराडोत लिंक्स परत आणून सोडण्याची योजनाही आगीच्या आधीपासून आखली जात होती. २००१ मधली वॉशिंग्टन विद्यापीठातली आग तर जास्तच बोलकी आहे. पॉप्लरच्या झाडांवर जनुकीय संशोधन करणाऱ्या एका शास्त्रज्ञाला लक्ष्य करून लावलेल्या त्या आगीत, त्याच इमारतीत संवर्धनासाठी वाढवलेली दुर्मीळ रोपंही जळाली. निसर्गासाठी केलेल्या कृतीची झळ निसर्गाला बसली.

काही वेळा मात्र जागा हातची जाते आणि धोरण बदलतं. इंग्लंडमध्ये १९९२ मध्ये ट्वायफर्ड डाउन आणि १९९६ मध्ये न्यूबरी इथे रस्त्यांविरुद्ध लोक जागेवरच तळ ठोकून राहिले. दोन्ही रस्ते झाले. न्यूबरीत सुमारे १०,००० झाडं गेली. पण त्याच दशकात सरकारच्या रस्तेबांधणी कार्यक्रमाला मोठी कात्री लागली. त्यात पैशाची चणचणही होती, हे विसरू नका. नुसतं न्यूबरी पाहिलं तर पराभव दिसतो, दहा वर्षांचं धोरण पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं.

दुसरं पान माणसांचं: तुरुंगवास, भरपाईचं कर्ज, मोडलेली घरं, फितुरीनंतरचा अविश्वास. अमेरिकेतल्या डकोटा अॅक्सेस या तेलाच्या पाइपलाइनची नासधूस केल्याबद्दल जेसिका रेझ्निचेक हिला २०२१ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. तिच्या शिक्षेत दहशतवादासाठीची वाढीव तरतूद लावली गेली, शिवाय सुमारे ३२ लाख डॉलर भरपाईचा आदेश झाला. याच पानावर हेरगिरीची नोंद येते. ब्रिटनमध्ये मार्क केनेडी हा पोलीस अधिकारी २००३ पासून खोट्या नावाने कार्यकर्त्यांत राहिला, त्यांच्यातल्या स्त्रियांशी त्याने संबंध ठेवले, आणि २०१० मध्ये बिंग फुटलं. रॅटक्लिफचं कोळशावरचं वीज केंद्र बंद पाडण्याच्या कटाच्या प्रकरणात दोषी ठरलेल्या २० जणांची शिक्षा त्यामुळे २०११ मध्ये रद्द झाली. ज्या स्त्रियांच्या आयुष्यात तो वर्षानुवर्षं खोटं बोलून वावरला, त्यांचं नुकसान कुठल्याही निकालपत्राने भरून निघालं नाही. ते लिहायला विसरू नका.

तिसरं पान कायद्याचं. अमेरिकेत प्राण्यांशी संबंधित व्यवसायांच्या संरक्षणासाठी १९९२ मध्ये केलेला कायदा २००६ मध्ये जास्त कडक झाला आणि त्याच्या नावातच दहशतवाद आला. ब्रिटनमध्ये २०२२ आणि २०२३ चे कायदे रस्ता अडवणाऱ्यांवर आणि स्वतःला साखळदंडाने बांधून घेणाऱ्यांवर नेम धरून आले. जुलै २०२४ मध्ये लंडनभोवतीचा एम-२५ महामार्ग अडवण्याच्या कटासाठी ‘जस्ट स्टॉप ऑइल’ या गटाचे सहसंस्थापक रॉजर हॅलम यांना पाच आणि इतर चौघांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०२५ मध्ये अपिलात हॅलम यांची शिक्षा चार वर्षांवर आली. कुणाला इजा न करता झालेल्या कृतीसाठी एवढी मोठी शिक्षा, हे मला लोकशाहीच्या तब्येतीचं वाईट लक्षण वाटतं. हे माझं मत आहे, आणि तुमच्या वहीतही मताची जागा अशीच वेगळी दिसली पाहिजे. कायदा वाचताना एवढं बघा की तो पुढे आणखी कुणाकुणावर वापरला गेला.

चौथं पान उशिरा येणाऱ्या परिणामांचं. २६ मार्च १९७४ ला आजच्या उत्तराखंडातल्या रेणी गावात गौरा देवी आणि गावातल्या बायका झाडं तोडणाऱ्यांना आडव्या आल्या. चिपकोमुळे १९८० मध्ये त्या हिमालयी भागात एक हजार मीटरवरच्या हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर १५ वर्षांची बंदी आली. गोष्ट बहुधा इथे संपवली जाते. पण त्याच दशकाच्या अखेरीस, वनकायद्यामुळे रस्ते आणि पाण्याच्या योजना अडल्या म्हणून त्याच डोंगरात लोकांनी निषेध म्हणून झाडं तोडली. गावाला जंगलावर हक्क हवा होता. त्यांच्या पदरात पडली सरकारी बंदी.

पाचवं पान चळवळीवर झालेल्या हिंसेचं. ते कोरं ठेवून लिहिलेला अभ्यास मी अर्धवटच मानतो. १० जुलै १९८५ ला न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या बंदरात फ्रेंच हेरांनी ग्रीनपीसचं ‘रेनबो वॉरियर’ हे जहाज बॉम्बने बुडवलं आणि छायाचित्रकार फर्नांडो परेरा मरण पावला. घातपात करणारं इथे सरकार होतं. ब्राझीलमधल्या रबर गोळा करणाऱ्यांचा नेता चिको मेंडिस १९८८ मध्ये मारला गेला, होंडुरासमधली धरणविरोधी कार्यकर्ती बेर्ता कासेरेस २०१६ मध्ये मारली गेली. ‘ग्लोबल विटनेस’ या संस्थेच्या मोजणीनुसार २०१२ ते २०२३ या काळात जमीन आणि पर्यावरणासाठी लढणारे २,१०६ जण मारले गेले. यातले बहुतेक कुठल्याही अर्थाने जहाल नव्हते.

५. ‘यामुळे झालं’ असं लिहिण्याआधी

घटना एकामागून एक घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. तक्त्यात प्रत्येक परिणामासमोर एक ओळ रिकामी ठेवा आणि तिथे लिहा: ही कृती झालीच नसती तर काय झालं असतं? लिंक्सच्या बाबतीत उत्तर बरंचसं स्पष्ट आहे, न्यूबरीच्या बाबतीत नाही.

जहालांमुळे मवाळांना बळ मिळतं की फटका बसतो, यावर समाजशास्त्रात १९८० च्या दशकापासून काम चालू आहे. हर्बर्ट हेन्स यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कलढ्यावरून हा विचार पुढे आणला. अलीकडे ‘जस्ट स्टॉप ऑइल’ने नोव्हेंबर २०२२ मध्ये एम-२५ अडवला, त्याच्या आधी आणि नंतर तीच माणसं गाठून पाहणी झाली. ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या मवाळ संघटनेचा पाठिंबा ५०.३ वरून ५२.९ टक्क्यांवर गेल्याचं त्यात दिसलं. वाढ खरी आहे, पण छोटी, आणि ती मोजली ती काही दिवसांच्या अंतरात. शिवाय ही कृती दुसऱ्या रकान्यातली होती. तिच्यावरून जाळपोळीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. रकाने आधी आखले ते याचसाठी.

६. माणसांशी बोलणार असाल तर

रिक स्कार्स हे नाव लक्षात ठेवा. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत संशोधन करणाऱ्या या समाजशास्त्रज्ञाने जहाल कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. कार्यकर्त्यांनी प्रयोगशाळेवर घातलेल्या एका धाडीच्या तपासात ग्रँड ज्यूरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, त्याला बोलावलं. स्रोतांना दिलेला शब्द मोडायला त्याने नकार दिला आणि १९९३ मध्ये तो १५९ दिवस तुरुंगात राहिला. त्याच्यावर कुठल्याही गुन्ह्याचा आरोप नव्हता.

तेव्हा, गुप्ततेचं वचन देण्याआधी तुमच्या देशात संशोधकाला किती कायदेशीर संरक्षण आहे ते वकिलाला विचारा. ते पुरेसं नसेल तर समोरच्याला पहिल्याच भेटीत तसं सांगा. ज्या कृत्यांचा खटला झालेला नाही त्यांचे तपशील विचारू नका आणि समोरचा सांगू लागला तर थांबवा. टिपणात खरी नावं ठेवू नका. नावं आणि टोपणनावं जुळवणारी यादी तर करूच नका. जळीत किंवा घातपात कशाने आणि कसा केला, याचे तांत्रिक तपशील तुमच्या लिखाणात नकोत. परिणामांच्या अभ्यासाला त्यांची गरज पडत नाही. विद्यापीठात असाल तर नैतिकता समितीची परवानगी मुलाखतीआधी घ्या. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला तीच रात्र पुन्हा सांगायला लावणं हाही एक भार असतो. जे कोर्टाच्या कागदात आहे ते त्याला विचारू नका.

७. दुसरं प्रकरण निवडताना

पहिली वही भरली की दुसरं प्रकरण असं शोधा जे एकाच बाबतीत वेगळं असेल. जर्मनीत अशी एक जोडी आयतीच आहे. आरडब्ल्यूई या एकाच कंपनीच्या कोळसा खाणींलगत हांबाखचं जंगल आणि ल्युत्सेराथ हे गाव. हांबाखमध्ये २०१२ पासून लोक झाडांवर घरं बांधून राहिले. सप्टेंबर २०१८ मध्ये पोलीस ती घरं काढत असताना एका तरुण पत्रकाराचा पडून मृत्यू झाला. ऑक्टोबरमध्ये कोर्टाने तोड थांबवली, आणि पुढे कोळसा बंद करण्याच्या राष्ट्रीय करारात उरलेलं जंगल राखायचं ठरलं. ल्युत्सेराथमध्ये पद्धत तीच होती आणि गर्दीही मोठी होती. जानेवारी २०२३ मध्ये गाव रिकामं करून पाडलं गेलं. तिथे तोवर सरकार आणि कंपनी यांच्यात २०३० पर्यंत कोळसा बंद करण्याची तडजोड झाली होती, आणि गाव त्या तडजोडीतच देऊन टाकलेलं होतं. दोन्ही कालपट शेजारी मांडा आणि प्रत्येक वळणावर कोर्ट कुठे होतं, सरकारात कोण होतं, कंपनीला त्या कोळशाची किती निकड होती, एवढं आधी भरा. कार्यकर्त्यांनी काय केलं, तो स्तंभ शेवटी भरा.